पुलाखालची पावती

मंजूषा : आधी दोर बांध. भांडण नंतर करू, नाहीतर बोट त्या लव्हाळ्यात जाऊन बसेल.

यशोधन : बांधतोय. पण सकाळी आपलं डावीकडच्या कालव्यानं जायचं ठरलं होतं. मी खाली चहा करायला काय गेलो, तू सरळ इकडे आणलीस.

मंजूषा : सुकाणू माझ्या हातात होतं.

यशोधन : आणि नकाशा माझ्या हातात.

मंजूषा : तुझ्या नकाशातला रस्ता साडेतीन तासांचा. हा पूल ओलांडला की अर्ध्या तासात मोठं तळं. जूनपासून तिसऱ्यांदा तू लांबचा वळसा घालायला निघालास. कारण काय, तर म्हणे व्ह्यू चांगला आहे. दोन्हीकडे त्याच गाई आहेत, यशो.

यशोधन : पुलावर लाल दिवे बघ. बारा ते एक जेवणाची सुट्टी. तासभर इथेच लटकलो.

मंजूषा : पूलवाला जेवतोय, आपणही जेवू. थालीपिठं आहेत, दही आहे. घे.

यशोधन : नाहीतर आत्ताच मागे वळू. आपली बोट, जोहानाबाई, इथे आरामात वळते.

मंजूषा : जोहानाबाईंचं वय साठ, त्या कुठेही वळतील. बोटीचा प्रश्न नाहीये. पुलावरचा शूर्ड काय तुला खाणार आहे का?

यशोधन : खाणार नाही. विचारेल.

मंजूषा : विचारेलच की.

यशोधन : त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. पापा कसे आहेत?

मंजूषा : मग सांग, काय झालं ते.

यशोधन : तेवढं सोपं असतं तर काय हवं होतं.

मंजूषा : सोपं नाही, माहितीये मला. पण परवा काय झालं ठाऊक आहे? शेजारची योके कुंपणापलीकडून म्हणाली, आता इंडियाच्या फ्लाइट्स सुरू झाल्या, तुझे सासरे येणार का यंदा? मी हातात कपड्यांची टोपली घेऊन तशीच उभी. तीन महिने झाले, यशो. तिला कुणी सांगितलंच नाही. मला वाटत होतं तू सांगितलंयस.

यशोधन : मग तू काय म्हणालीस?

मंजूषा : काय म्हणणार? म्हटलं, नाही, यंदा जमणार नाही. खोटं नाही, पण घरात येऊन रडले मी. मग तुझ्या टीममधल्या कुणालला मेसेज केला. त्यालाही माहीत नाही. आपल्या नीउ-व्हेनेप गावच्या मराठी ग्रुपवर तू अण्णांबद्दल अक्षरसुद्धा काढलेलं नाहीस. का रे?

यशोधन : मॅनेजरला लिहिलं होतं, फॅमिली इमर्जन्सी, एक दिवस हवाय. त्यानं अंगठा पाठवला.

मंजूषा : बस?

यशोधन : बस.

मंजूषा : म्हणून मी सकाळी बोट इकडे वळवली. मुद्दाम. रागाव हवं तर.

यशोधन : रागावून काय करू. दही दे.

मंजूषा : हे घे. आणि तो खांब बघ. तोच ना?

यशोधन : तो नव्हे, पलीकडचा. अण्णा बोटीच्या टोकावर बसले होते, डोक्याला मफलर, जुलै महिन्यात.

मंजूषा : दोन हजार सोळा. आपली वैदेही अकराची होती. पूल वर गेला, आणि वरून तो लाकडी बूट खाली आला, गळाच्या काठीला दोरी बांधून. आपल्याला सवय होती, आपण नाणं टाकायला पाकीट शोधतोय...

यशोधन : आणि अण्णांनी दोरीच धरली.

मंजूषा : घट्ट! 'हा माणूस सरकारी पुलावर बसून बुटात पैसे घेतो? सदतीस वर्षं कालव्यावर काढली मी. कुणाच्या चहाला शिवलो नाही. पावती दिल्याशिवाय एक पैसा मिळायचा नाही.'

यशोधन : मी म्हणतोय, अण्णा, इथली पद्धत आहे, पुलाची पट्टी अशीच गोळा करतात. ऐकतायत कशाला. नीरा उजव्या कालव्यावरचे कालवा निरीक्षक ते. पाणीपट्टीची पावती फाडल्याशिवाय सख्ख्या चुलत्याला पाण्याची पाळी दिली नाही कधी. चुलते दोन वर्षं बोलत नव्हते.

मंजूषा : आणि वर पूल उघडा. ट्रॅक्टर थांबलाय, सायकली थांबल्यात.

यशोधन : ट्रॅक्टर नव्हता. दुधाचा टँकर होता.

मंजूषा : ट्रॅक्टर. मी बघितला.

यशोधन : बरं, ट्रॅक्टर. वैदेहीनं वर बघून डचमध्ये सांगितलं, माझ्या आजोबांना बिल हवंय, नाहीतर ते तुमचा बूट सोडणार नाहीत.

मंजूषा : मला वाटलं, आता पोलीस येतो. तर तो शूर्ड हसला नाही की चिडला नाही. शांतपणे वहीचा कागद फाडला आणि विचारलं, नाव काय लिहू?

यशोधन : वैदेही म्हणाली, जगदाळे. तर अण्णा तिच्यावरच घसरले. 'पूर्ण नाव सांग. मधलं नाव नसेल तर माणूस कुणाचा ते कळायचं कसं?' मग तिनं एकेक अक्षर ओरडून सांगितलं. बाळासाहेब रामचंद्र जगदाळे.

मंजूषा : आणि बुटातून पावती आली. अण्णांनी ती चष्मा लावून वाचली, मग पैसे टाकले. वर माझ्या डब्यातले दोन शेंगदाण्याचे लाडू टाकले. म्हणाले, 'पाटकरी प्रामाणिक आहे.'

यशोधन : शूर्डला ते शेवटपर्यंत पाटकरीच म्हणायचे, त्यांच्या कालव्यावर पाणी सोडणाऱ्याला म्हणायचे तसं. फोनवर पहिलं वाक्य, पाटकरी कसा आहे?

मंजूषा : नंतर दरवर्षी आपण इथून गेलो की लाडू वर आणि अण्णांच्या नावाची पावती खाली. तू फोटो पाठवायचास.

यशोधन : त्यांना फोटो नको असायचा. ओरिजिनल हवी. दिवाळीत गेलो की आधी पावती मागायचे, मग बॅग उघडू द्यायचे.

मंजूषा : मागच्या वर्षी करोनामुळे बूट बंद होता. तेव्हा तू व्हिडिओ कॉल लावून फोन उंच धरलास.

यशोधन : अण्णा फलटणच्या ओट्यावरून शूर्डला ओरडले, नाक झाक! मास्क हनुवटीला काय लावलाय!

मंजूषा : मराठीतून. आणि त्याला कळलं. लगेच वर ओढला.

यशोधन : सगळ्या जगाला नाक झाकायला सांगत होते.

मंजूषा : बोल, यशो. थांबू नकोस.

यशोधन : काय बोलू? तुला सगळं माहीत आहे.

मंजूषा : मला झालेलं माहीत आहे. तू कधी सांगितलेलं नाहीस.

यशोधन : फलटणला बेड मिळाला नाही. अरुणदादानं बारामतीला हलवलं. मी तिकीट शोधत होतो आणि सोमवारी इथल्यांनी इंडियाची विमानं बंद केली. मंगळवारी किंग्ज डे, इथल्या राजाचा वाढदिवस. समोरची पोरं नारिंगी टोप्या घालून अंगणात नाचत होती आणि माझ्या फोनवर दादा, त्या पांढऱ्या किटमध्ये. तो आहे हेसुद्धा ओळखू येईना. म्हणाला, यशो, इथून लांबूनच नमस्कार कर. तेवढ्यात चित्र अडकलं. मी अडकलेल्या चित्राला नमस्कार केला, मंजू.

मंजूषा : मी दारात उभी होते.

यशोधन : दुसऱ्या दिवशी साडेनऊचा कॉल. झुइडासच्या ऑफिसची सगळी टीम आपापल्या स्वयंपाकघरातून. कुणीतरी विचारलं, यश, किंग्ज डे कसा गेला? मी म्हणालो, छान.

मंजूषा : अरे...

यशोधन : तोंडातून निघून गेलं. इथे सगळे छानच म्हणतात ना. पण एकदा छान म्हटल्यावर गुरुवारी कसं सांगणार, की परवा माझे वडील गेले? जून आला, जुलै आला. मला वाटायला लागलं, निदान इथे तरी ते गेलेले नाहीत. योकेच्या हिशेबानं अण्णा अजून फलटणला भाजी निवडतायत. राहू देत तसेच.

मंजूषा : आणि शूर्डच्या हिशेबानंही.

यशोधन : त्याच्या तर सगळ्यात जास्त. त्याला सांगितलं की संपलं. मग माझ्याकडे कुणीच उरत नाही जिथे ते आहेत.

मंजूषा : उलट आहे रे. योकेनं अण्णांना दोनदा बघितलं असेल. शूर्डनं त्यांची नक्कल केली तर मी डोळे मिटून ओळखेन. इथे अण्णांसाठी रडायला तुला मी सोडून एकच माणूस आहे, आणि त्यालाच तू टाळतोयस. एकट्यानं किती दिवस ओढशील? मला तरी ओढू दे थोडं. मीही त्यांची सून होते, सत्तावीस वर्षं.

यशोधन : किती वाजले?

मंजूषा : एकला पाच कमी. वळायचं असेल तर आत्ता वळ. मी काही बोलणार नाही. आईची शपथ.

यशोधन : लाडू आणलेस?

मंजूषा : पाच. फळीवरच्या स्टीलच्या डब्यात.

यशोधन : दोर सोड.

(पुलाची घंटा वाजते, फळ्या वर जातात. पुढचं शूर्डशी बोलणं डचमध्ये.)

शूर्ड : जोहाना! मला वाटलं विकलीत की काय. जूनपासून वाट बघतोय.

मंजूषा : नाही विकली! जरा लांबून फिरत होतो.

शूर्ड : यंदाही पुलाचे पैसे नाहीत. पण बूट खाली सोडतो, लाडवांसाठी. काठी तीन मीटरची आहे, दीड मीटरचा नियम मोडत नाही. आणि तुझ्या वडिलांना फोन लाव. हे बघ, नाक पूर्ण झाकलंय. दाखव त्यांना.

यशोधन : फोन नाही लावता येणार, शूर्ड.

शूर्ड : झोपले असतील का? तिकडे किती वाजलेत?

यशोधन : झोपलेले नाहीत. माझे वडील गेले. एप्रिलमध्ये. करोनानं. मला जाता आलं नाही.

(शूर्ड हातातली काठी पुलाच्या कठड्याला टेकवून ठेवतो.)

मंजूषा : यशो, वर रस्त्यावर गाड्या थांबल्यात. पुढे घेऊ का बोट?

शूर्ड : नको. थांबू देत त्यांना. तेव्हाही थांबले होते. दुधाचा टँकर पार मागे अडकला होता.

यशोधन : ऐकलंस? टँकर.

मंजूषा : ऐकलं. डोळे पूस.

शूर्ड : दरवर्षी हिवाळ्यात मी बायकोला म्हणायचो, आता तो म्हातारा भारतात माझी पावती तपासत असेल. चांगला माणूस होता. त्याच्याआधी मी कुणाला पावती दिली नव्हती. त्याच्यानंतरही दिली नाही.

यशोधन : त्यांनी तुमच्या सगळ्या पावत्या फाईलला लावल्यात. दादाला सापडल्या, शेतसाऱ्याच्या पावत्यांबरोबर.

शूर्ड : लाडू टाक बुटात. पाच का? पाच. मग लिहितो, पाच लाडू मिळाले. पण आता नाव कुणाचं घालू? नुसतं यश?

यशोधन : नाही. पूर्ण नाव लिहा. यशोधन बाळासाहेब जगदाळे. थांबा, मधलं जरा लांब आहे, मी अक्षरं सांगतो.

शूर्ड : मधल्याची सांगू नकोस. ते मला पाठ आहे.