निवडून आल्याची तक्रार

नाव नॉर्मन ड्रिंग, वय ६७, धंदा पूर्वी लॉरी ड्रायव्हर, सध्या जिल्हा परिषद सदस्य (हे माझ्या मर्जीविरुद्ध लिहिलं आहे), राहणार चॅपल लेन, मार्श थॉर्पबी, लिंकनशायर.

मी समक्ष ठाण्यात येऊन सांगतो की, वरील पत्त्यावर मी, पत्नी लिनेट आणि मेजर नावाचा कुत्रा असे राहतो. एकेचाळीस वर्षं मी लॉरी चालवली, आठवड्यातल्या चार रात्री बाहेर. गेल्या वर्षी निवृत्त झालो तेव्हा लिनेटला शब्द दिला, की आता तुला सोडून एक संध्याकाळसुद्धा कुठे जाणार नाही. तो मी आजवर पाळला आहे. माझी तक्रार त्याचसंबंधी आहे.

आमच्या वॉर्डात आमचा पक्ष कधी निवडून येत नाही. पण मतपत्रिकेवर पक्ष दिसायला तर हवा, म्हणून दर वेळी कोणाला तरी नावापुरतं उभं करतात. त्याने प्रचार करायचा नाही, भाषण ठोकायचं नाही, नुसतं पडायचं. मार्चमध्ये पक्षाच्या चिटणीस फिलिपा सॅलिस बाई घरी आल्या, केक खाल्ला आणि म्हणाल्या, "नॉर्मन, एवढी सही द्या हो. देवाशप्पथ सांगते, तुम्ही काही निवडून येत नाही." भीड भिकेची बहीण, हे आमच्याकडे कळतं सगळ्यांना, वळत कोणालाच नाही. मी सही केली. लिनेट तेव्हा तिथेच होती आणि तिने बाईंना केकचा दुसरा तुकडा वाढला, याची नोंद घ्यावी.

त्यानंतर पडण्यासाठी जे करायचं ते सगळं मी केलं, म्हणजे काहीही केलं नाही. कोणाचं दार वाजवलं नाही. मतदानाच्या दिवशी गावच्या सभागृहात जाऊन मी माझे विरोधक एप्टन साहेब यांना मत दिलं. ते चोवीस वर्षं सदस्य होते. माणूस सज्जन, काम शून्य.

दुसऱ्या दिवशी मतमोजणी होऊन मी सतरा मतांनी निवडून आलो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. एप्टन साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "सुटलो रे बाबा! आता तू बघ." सॅलिस बाईंच्या डोळ्यांना तर धार लागली होती. मी म्हणालो, "बाई, तुम्ही शप्पथ घेतली होती." त्या म्हणाल्या, "अहो, मी घेतली होती, लोकांनी थोडीच घेतली होती!" राजीनामा देतो म्हणालो, तर म्हणाल्या, "द्या की. पोटनिवडणूक लागेल. मग गावाला दारोदार जाऊन सांगा, नॉर्मन ड्रिंग का पळाला ते." मला तेवढं धैर्य नाही.

चौकशी करता कळलं, की मतदानाच्या आदल्या आठवड्यात घरोघर एक पत्रक पडलं होतं. आमच्या घरी ते आलं नाही. मजकूर असा: "नॉर्मन ड्रिंग यांनाच मत द्या! कोणाचा कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर आहे, कोणाचं कुंपण माजलंय, कुठला खड्डा किती खोल आहे, सगळं यांना पाठ असतं. जेवताना तेच बोलतात, झोपतानाही तेच. दिवसभर मोकळे आहेत. असा माणूस घरात वाया जातो." पत्रकावर छापणाऱ्याचं किंवा छापवून घेणाऱ्याचं नाव नाही. कायद्याने ते लागतं. सबब, ज्या कोणा हितशत्रूने हा उद्योग केला त्याला हुडकून काढावं आणि माझी निवड रद्द व्हावी, अशी मागणी मी केली. निवड रद्द करणं पोलिसांच्या हातात नाही, हितशत्रूचं बघू, असं मला सांगण्यात आलं.

इथवर लिहून झाल्यावर हवालदार स्क्रिव्हन्स बाईंनी आमच्या शेजाऱ्यांना फोन करून त्यांच्या दारावरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण मागवलं आणि मला दाखवलं. त्यात रेनकोटची टोपी कपाळावर ओढलेली एक व्यक्ती दारातून पत्रक आत सरकवते. सोबत कुत्रा आहे. बाईंनी विचारलं, "ओळखता का?" मी म्हणालो, "कुत्रा ओळखतो."

लिनेट बाहेर बाकावर बसली होती, कारण मला ठाण्यात गाडीने तिनेच आणलं. तिला आत बोलावलं. ती म्हणाली, "हो, मीच वाटली. वाचनालयात छापून घेतली. बरी उतरलीत ना?"

मी म्हणालो, "अगं, तुझ्यासाठी मी घरी राहत होतो!"

ती म्हणाली, "माहीत आहे रे. म्हणून तर तोंडावर बोलता येईना. तू नसायचास तेव्हा एकटीने राहायला शिकले. आधी रडत शिकले, मग गोडी लागली. तू आलास आणि माझ्या मुरंब्याच्या बरण्या तारखेप्रमाणे लावून टाकल्यास. रेडिओ लावला की विचारतोस, काय म्हणतोय तो? गाण्याच्या मंडळात जायला निघाले, तर तू नको म्हणाला नाहीस, पण कोट चढवून दारात उभा, सोबतीला! मग मीच जायचं सोडलं." पुढे ती म्हणाली, "तू मला नकोसा नाहीस, नॉर्मन. पण दार उघडून आत येणारा नॉर्मन मला आवडायचा. हा बाहेरच जात नाही, तर आत येणार कुठून?"

हवालदार बाईंनी चहा घेणार का विचारलं. आम्ही दोघांनी हो म्हटलं. चहा पाणचट होता, पण मी तसं म्हटलं नाही.

मग मी लिनेटला विचारलं, परिषदेच्या बैठका कधी असतात. ती म्हणाली, "मोठी सहा आठवड्यांनी. पण समित्या मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी असतात. मी फोन करून विचारलंय." दोन्ही समित्यांना नाव देतो, असं मी तिला हवालदार बाईंसमोर कबूल केलं. लिनेट म्हणाली, "थँक यू." एवढ्या हळू आवाजात ती आमच्या लग्नात बोलली होती.

पत्रकावर नाव घालायचं असतं, अशी पत्नीला समज देण्यात आली आहे. माझी आता कोणाविरुद्ध तक्रार नाही. चित्रणातली व्यक्ती मी ओळखली नव्हती, हे मात्र लिहून ठेवावं.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. माझं म्हणणं मी सांगितलं तसंच उतरलं आहे आणि त्याखाली मी सही केली आहे. पत्नीचं म्हणणं आलं तेव्हा हवालदार बाई वाचता वाचता थांबल्या, म्हणून तेवढं मी स्वतः वाचलं. तेही बरोबर आहे.