माझी ओळ ऑर्ला म्हणते

(आयर्लंडमधलं डंडॉक. रविवारची सकाळ. स्वयंपाकघरात शेगडीवर कढई, कढईत बेसन.)

शकुंतला : हसण्यावारी नेऊ नकोस भार्गवी. ती शेजारीण मला परत जा म्हणती.

भार्गवी : कोण, मोरीन? आई, काहीतरीच काय!

शकुंतला : काहीतरी न्हाई. मी मागं कपडे वाळत घालत होते. ती कुंपणावरनं वाकली, दोन्ही हात असे वर केले आन् म्हणाली, "चल परत!" सणसणीत मराठीत. वर हसली.

भार्गवी : हसली?

शकुंतला : तोंडभर. मग मी बी हसले. आता सत्तरीच्या बाईला काय बोलायचं? पण लागलं हो मनाला. साताऱ्यासनं येऊन महिना न्हाई झाला, लगेच हिला माझी अडचण? परवा तर पाव भाजून आणून दिलता.

भार्गवी : ती तुम्हाला नाही म्हणाली. ते एक गाणं आहे.

शकुंतला : आयरिश बाईला मराठी गाणं? कुणाचं?

भार्गवी : तुमच्या लेकाला विचारा. आलाच बघा.

इंद्रनील : मॉर्निंग. चहा आहे का? काय विचारायचंय?

शकुंतला : तू गाणी म्हणतोस व्हय रे, इंद्या?

इंद्रनील : मी? कोण म्हणालं?

भार्गवी : चहा कपाटातल्या मोठ्या कपात ओत, तो छोटा गळतो. काल मी टाउन हॉलमध्ये होते.

इंद्रनील : ...काल?

भार्गवी : तीनच्या कार्यक्रमाला. मोरीन घेऊन गेली. म्हणाली, "युअर मॅन आज गातोय, आणि तू घरी काय करतेस?" मी म्हटलं, तो बॅडमिंटनला गेलाय. ती इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली.

शकुंतला : मग रॅकेट कशाला घेऊन गेलता?

इंद्रनील : आई, थांब ना जरा.

भार्गवी : रॅकेट गाडीतच असते. दर गुरुवारी गाडीत जाते, गाडीत येते. मीच बघत नव्हते. तिच्या तारा अजून नव्यासारख्या आहेत.

शकुंतला : पण गाणं कसलं? भजन?

इंद्रनील : रॅप आहे, आई. म्हणजे तालावर बोलायचं, भराभर.

शकुंतला : भांडल्यासारखं?

इंद्रनील : कधी कधी.

शकुंतला : आन् ते मोरीनला पाठ हाय. तिच्या फोनात बी आसंल.

भार्गवी : आहे. तिनं माझ्या शेजारी, मागच्या रांगेत उभं राहून शूट केलंय.

शकुंतला : मग मी जाते तिच्याकडं. पोटच्या पोराचं गाणं, आता शेजारणीच्या ओट्यावर बसून ऐकते. माझी शाल कुठाय? आन् बेसनाकडं बघ गं, लालसर दिसतंय.

भार्गवी : बघतेय, आई. दार ओढून घ्या.

इंद्रनील : भार्गवी, ऐक. मी सांगणारच होतो.

भार्गवी : कधीपासून करतोस?

इंद्रनील : फेब्रुवारीपासून. ऑफिसच्या मागे ते कम्युनिटी सेंटर आहे ना, तिथे टोबी रॅपचं वर्कशॉप घेतो. आमच्या टीममधली ऑर्ला मला ओढून घेऊन गेली. मी नुसता ऐकायला गेलो होतो. टोबी म्हणाला, तुझ्या भाषेत बोल काहीतरी, तुला जमतील ते शब्द. मी बोललो. मग सुटलंच.

भार्गवी : टोबी म्हणजे तो उंच, काळी टोपी घातलेला?

इंद्रनील : हो. इथलाच आहे, शेजारच्या द्रॉहेडाला जन्मला. आईवडील नायजेरियाचे. काय बोलतो गं तो! मी त्याच्यापुढे काहीच नाही.

भार्गवी : लोक तुझ्यासाठी जास्त ओरडले.

इंद्रनील : ते नवीन म्हणून. मराठी रॅप कुणी ऐकलंय इथे? क्रॅक म्हणून, नुसती मजा म्हणून ओरडतात.

भार्गवी : क्रॅक म्हणून नाही. माझ्या शेजारी एक मुलगी होती, लाल केसांची, हातावर बदकाचं टॅटू. तिचे डोळे मिटलेले होते. तिला एक शब्द कळत नव्हता आणि तिचं तोंड तुझ्या तोंडाबरोबर हलत होतं. मला तिचा राग आला. का आला ते मला रात्रभर सापडत नव्हतं.

इंद्रनील : राग कशाला? चांगलं आहे की. शाळेत असताना मी तसाच ऐकायचो. होस्टेलवर एकाकडे कॅसेट होती, कॉपीची कॉपी. कुठल्या तरी अमेरिकन शहरातला काळा माणूस, काय बोलतोय, कुणावर चिडलाय, काही पत्ता नाही. पण छातीत घण पडायचे. मला सगळं पाठ होतं, चुकीचं. तेव्हा मला कुणी विचारलं नाही, तू साताऱ्याचा, तुझा काय संबंध.

भार्गवी : मला त्यांचा संबंध विचारायचा नाहीये. त्यांनी ऐकावं, नाचावं, पाठ करावं. मला माझा विचारायचाय.

इंद्रनील : तुझा काय?

भार्गवी : "सकाळी ग्रँड, दुपारी ग्रँड, रात्री झोप नाही."

इंद्रनील : ...तुला लक्षात राहिलं.

भार्गवी : पुढची ओळ तू म्हण.

इंद्रनील : राहू दे ना.

भार्गवी : "विचारशील तर सांगीन, पण तू विचारत नाहीस काही." हे कुणाला उद्देशून आहे? मोरीनला?

इंद्रनील : गाणं आहे, भार्गवी. यमक जुळवायला लागतं.

भार्गवी : मी ऑगस्टमध्ये विचारलं होतं. बसस्टॉपवर त्या दोन पोरांनी अंडं मारलं, "गो होम" म्हणाले. मी घरी येऊन आधी कोट धुतला आणि मग तुला विचारलं, परत जाऊ या का? आठवतंय तू काय म्हणालास?

इंद्रनील : आठवतंय.

भार्गवी : "पोरं आहेत, सोडून दे. सगळं ग्रँड आहे." आता गाण्यातही तोच ग्रँड, इथलं 'सगळं ठीक'. आणि काल दोनशे लोकांसमोर माइक धरून म्हणतोस, चल परत. मला "नाही" सांगितलंस आणि त्यांना "हो".

इंद्रनील : त्यांना काही सांगितलेलं नाही मी.

भार्गवी : सगळा हॉल ओरडत होता. चल परत! चल परत! आणि मोरीन माझ्याकडे वळली, दोन्ही हात वर, तोंड माझ्या तोंडापाशी, चल परत! एक सेकंद, इंद्रनील, एकच सेकंद मला वाटलं, झालं, हीसुद्धा. पाव देणारी, माझी पार्सलं घेऊन ठेवणारी. मग तिनं माझा हात धरून वर केला. म्हणाली, म्हण ना, तुझीच भाषा आहे.

इंद्रनील : म्हणालीस?

भार्गवी : नाही. तिथं ते न म्हणणारी मी एकटी होते.

इंद्रनील : पहिल्यांदा ते ओरडले ना, तेव्हा मीही दचकलो होतो. मी लिहिताना ह्याचा विचारच केला नव्हता. गोरी माणसं, हात वर करून, खुशीत, मला म्हणतायत परत चल. टोबीनं माझं तोंड बघितलं आणि त्याला कळलं. नंतर म्हणाला, माझंही एक गाणं आहे तसं. ते लोक ते गाणं माझ्यापेक्षा जोरात म्हणतात. आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी शेजारी बसलो की त्यांच्यातलंच कुणीतरी पर्स मांडीवर ओढून घेतं.

भार्गवी : म्हणजे टोबीला माहीत आहे.

इंद्रनील : त्याला सांगितलं नाही. त्यानं ओळखलं.

भार्गवी : मी पण ओळखलं असतं. मला समोर उभं केलं असतंस तर. ऑर्लाला माहीत आहे?

इंद्रनील : तिला सांगितलंय, संध्याकाळी आई मुलाला खेळातून घरी बोलावते, तसलं गाणं आहे. तिला ते फार आवडलं.

भार्गवी : काल तुझ्याबरोबर स्टेजवर तिनं "थांब जरा" म्हटलं, त्यातलं "जरा" छान येतं तिला.

इंद्रनील : चार आठवडे लागले.

भार्गवी : चार आठवडे. गुरुवार-गुरुवार समोर बसून. जीभ कुठे लावायची ते दाखवून.

इंद्रनील : अगं, ती दोन मुलांची आई आहे, नवरा ट्रॅक्टर दुरुस्त करतो...

भार्गवी : मला माहीत आहे. मला त्या अर्थानं काही वाटत नाही. तसं वाटलं असतं तर सोपं होतं. त्या गाण्यात तू म्हणतोस "चल परत", मग एक बाई म्हणते "थांब जरा". प्रत्येक वेळी. ती बाई कोण आहे?

इंद्रनील : गाण्यातली बाई आहे, अशीच.

भार्गवी : मी लॅबमध्ये काम करते, इंद्रनील. नमुन्यावर नाव नसलं तर मी तो परत पाठवते. नाव सांग.

इंद्रनील : तू.

भार्गवी : मग माझी ओळ ऑर्ला का म्हणते?

इंद्रनील : कारण तू म्हणाली असतीस तर मला ऐकावं लागलं असतं.

भार्गवी : हे काय उत्तर झालं?

इंद्रनील : खरं आहे ते. ऑर्ला "थांब जरा" म्हणते तेव्हा तो आवाज असतो नुसता. मी पुढचं कडवं सुरू करतो. तू म्हणालीस तर मला थांबावं लागेल. चार वर्षं तू घरात बसलीस, माझ्या व्हिसावर. कोर्स केलेस, परीक्षा दिल्यास, हॉस्पिटलनं कायम केलं त्या दिवशी तू पार्किंगमध्ये आनंदानं उडी मारलीस. मी गाडीतून बघितलं. त्या बाईला मी कुठल्या तोंडानं सांगू, मला झोप येत नाही, चल?

भार्गवी : ऑगस्टमध्ये मी स्वतःच विचारलं होतं ना?

इंद्रनील : तू घाबरली होतीस. मी हो म्हटलं असतं तर तू निघाली असतीस. आणि मग आयुष्यभर मला वाटलं असतं, हिच्या भीतीचा फायदा घेतला.

भार्गवी : तू "नाही" म्हणालास तेव्हा मला बरं वाटलं होतं. हेही ऐकून ठेव. मला थांबायचंय.

इंद्रनील : माहीत आहे. म्हणून तर ती ओळ तुझी आहे.

भार्गवी : आणि उद्या इथलं घर विकत घेण्याच्या करारावर सही करायची आहे. तू पेन उचलून सही केली असतीस?

इंद्रनील : केली असती.

भार्गवी : आणि गुरुवारी जाऊन पुन्हा चल परत.

इंद्रनील : बहुतेक. मला खरंच जायचंय की नाही, मलाही नीट सांगता येत नाही. तिथं ओरडून म्हटलं की दोन दिवस झोप लागते, एवढंच माहीत आहे. त्यांना कळत नाही ना, म्हणून म्हणता येतं. भिंतीला सांगितल्यासारखं. फक्त ही भिंत नाचते.

भार्गवी : मला त्या भिंतीचा हेवा वाटतो. रात्रभर सापडत नव्हतं ते हे. मी शेजारी पडलेली असते, मला मराठी येतं, आणि तू गाडी काढून ज्यांना ते येत नाही त्यांच्याकडे जातोस.

इंद्रनील : भार्गवी, वास येतोय.

भार्गवी : येऊ दे. नाही, उचल, कढई उचल! नुसतं बटण बंद करून चालत नाही, खालची प्लेट तापलेलीच राहते. त्या लाकडावर ठेव. हलवत राहा.

इंद्रनील : जळलं?

भार्गवी : थोडं गडद झालं. साखर घातल्यावर कळणार नाही. खिडकी उघड, नाहीतर अलार्म वाजेल.

शकुंतला : इंद्या! अरे बाहेर ये! ही मोरीन मला हात वर करायला शिकवती! म्हणती, तुम्हाला ताल न्हाई!

इंद्रनील : आलो, आई! पाच मिनिटं!

शकुंतला : लई भारी म्हणतोस रं! पण त्यातली ती बाई कोण? तिचा उच्चार शेवटी घसरतोय!

भार्गवी : खिडकी लोटून घे.

इंद्रनील : हसू नकोस.

भार्गवी : हसत नाहीये. उद्या सकाळी मी सॉलिसिटरला फोन करते. सही एक आठवडा पुढे ढकलतो म्हणून सांगते. घर हवं की नको ते नंतर. आत्ता बस इथं आणि म्हण.

इंद्रनील : आत्ता? बीट नाही, काही नाही.

भार्गवी : चमचा आहे, कढई आहे. मी हलवत राहीन, तेवढा आवाज पुरे.

इंद्रनील : काल दोनशे लोक होते, काही वाटलं नाही. आता तुझ्याकडे बघून सुरुवात होत नाही.

भार्गवी : मग कढईकडे बघ. म्हण.

इंद्रनील : हसायचं नाही. आणि ऑर्लाची... तुझी ओळ आली की...

भार्गवी : ती कधी म्हणायची ते माझं मी बघेन. तू सुरू कर.

इंद्रनील : "सकाळी ग्रँड, दुपारी ग्रँड, रात्री झोप नाही. विचारशील तर सांगीन, पण..." इथं आता बदलावं लागेल.

भार्गवी : थांबू नकोस.

इंद्रनील : "चल परत म्हणतो मी, पण किल्ली तुझ्या हातात. तू उघडशील ते दार घर, डंडॉकात की साताऱ्यात."

भार्गवी : ही ओळ काल नव्हती.

इंद्रनील : काल मला माहीत नव्हतं, तू मागे उभी आहेस.