भर पावसातली हलगी

“मंगलबाई, कुणाला खरं वाटायचं न्हाई, पण गाण्याच्या मैफलीवर काढलेल्या शिनेमात मी हाय!”

वडवणीच्या स्टँडवर माझ्या शेजारी हलगीवाले गहिनीनाथआबा रंगात आले होते. मंगलबाईंना पोराच्या वरातीसाठी हलगीवाला ठरवायचा होता.

“बघण्यासारखं काय हाय त्यात?”

“गाणारा तर कुणीबी दावतंय. ह्यात ऐकणारे दावलेत. म्हातारी रडायलीय, बंदोबस्ताचा पोलीस पाय हलवायलाय!”

“अन् तुमी?”

“भर पावसात उभा! हलगीतून पाणी निथळायलंय अन् आवाज पार परळीपर्यंत!”

“आबा, माझा बाप हलगी जाळावर शेकल्याबिगर वाजवत नव्हता. भिजलेल्या कातड्याला कुठला आवाज? लई खोटं बोलता! वरातीला या, पण हलगीबिगर.”