वरणातलं वचन

शालू : ही तिसरी चिठ्ठी झाली, आई. आता बॅग भरू का मी?

केशरबाई : वाच तं पहिले. चिठ्ठीतलं बायबलचं वचन वाचल्याबिगर देवाची मर्जी कशी समजीन?

शालू : पहिलीत धीर धर होतं. दुसरीत जिथं आहेस तिथंच राहा. आता हिच्यात थांब.

केशरबाई : पाह्यलं? तीन डाव बोलला प्रभू. एवढं तं आजकाल घरचा माणूसही बोलत नाई.

शमुवेल : ठेसनावरही तीनदाच सांगतात, केशर. पण गाडी येऊन राहिली म्हणून सांगतात.

केशरबाई : तुमी पेपर वाचा. सासू-सुनेच्या मधात सासऱ्याचं काय काम?

शालू : आई, उद्या दहाला मला पातूरच्या सरकारी दवाखान्यात हजर व्हायचंय. नाही झाले तर ऑर्डर दुसऱ्या नर्सच्या नावावर. रिबू पोटात होती तेव्हा परीक्षा दिली मी. तुम्हीच डबा घेऊन सेंटरबाहेर बसला होता ना, उन्हात?

केशरबाई : हाव, बसली होती. मी कुठी नाई म्हणून राहिली? देव म्हणून राहिला. मी तं सारं सोडून देल्लं त्याच्यावर. रविवारी चर्चमधी साऱ्या मंडळीसमोर साक्ष देल्ली, माही सून अन् माही नात म्या प्रभूच्या हाती सोपवली.

शमुवेल : अन् घरी येऊन पाळकसाहेबाले फोन केला.

केशरबाई : प्रार्थनेची विनंती होती थे!

शमुवेल : विनंती कायची, मेमो होता. विषय, सुनेचं डोकं ठिकाणावर आणणे. प्रत माहितीस्तव, प्रभू येशू.

शालू : बाबा, हसवू नका. आईंच्या मांडीवर रिबू आत्ताच झोपलीये.

केशरबाई : हसा, हसा. एकीले पातूर दिसून राहिलं, एकानं जलमभर रेल्वेत झेंड्या हलवल्या. अन् माहा धाकटा, तुहा नवरा, थो ड्यूटीवर जाताना काय म्हणाला? तुमी दोघी पाहून घ्या, म्हणे. या घरात देवाचं ऐकाले मीच एक उरली.

शालू : बरं, चौथी काढते. पण ह्या वेळी तळातून ढवळून. द्या डबी.

केशरबाई : ढवळाची नसते बाई. वचनाची डबी आहे थे, पवित्र.

शमुवेल : बिस्किटाची होती. बिस्किटं म्या खाल्ली.

शालू : काढली. हिच्यात शांत राहा. आणि ही पाचवी, वाट पाहा. आई, नाताळात मंडळीत वाटल्या तेव्हा शंभर चिठ्ठ्या होत्या. आता डबी अर्धीपण भरत नाही. आणि एकीतसुद्धा जा नाही?

केशरबाई : कागद आहे. आकसला असीन.

शमुवेल : मी सांगतो, कुठी आकसला थे. गुरुवारी जेवता जेवता दातात काईतरी अडकलं. मले वाटलं, कढीपत्ता. काढून पाहतो तं वचन! हळदीत शिजलेलं. चष्मा लावून वाचलं. ऊठ अन् वाटेले लाग, म्हणे. म्हटलं, देवा, जेवू तं दे.

शालू : वरणात?

शमुवेल : मंग तुरीच्या डाळीचा डबा उघडला. ऊठ, निघ, भेऊ नको, मी संग येतो, सारे तिथं गाडलेले. वरून कडुनिंबाचा पाला, कीड लागू नाई म्हणून. जित्या देवाले डाळीत कोंडलं बाईनं!

शालू : आई?

केशरबाई : फेकल्या तं नाई ना? वचन फेकत नसतात. चांगल्या जपून ठेवल्या.

शमुवेल : धन्य आहे. देवाले मत द्याले लावलं, अन् पेटीही घरूनच भरून आणली.

केशरबाई : बोला! थोरल्याच्या वेळी कुठी होते तुमी? तवाच्या चिठ्ठ्या म्या चांगल्या ढवळल्या होत्या. डोळे मिटून एकच चिठ्ठी काढली. जा निघालं. म्हटलं, देवाची मर्जी. जाऊ देल्लं त्याले पुण्याले. पहिल्या नाताळाले आला. दुसऱ्या नाताळाले व्हिडिओ कॉल आला. अन् यंदा? यंदा कुरिअरनं केक आला. तुमी खाल्ला. माह्या नरड्याखाली नाई उतरला.

शालू : मला हे माहीत नव्हतं, आई.

केशरबाई : कोणाले सांगू? म्हणून म्हटलं, या खेपेले देवाले थोडा हातभार लावावा.

शमुवेल : केशर, इकडं पाह्य. एकतीस वर्षं मी गार्ड म्हणून मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसलो. पुढं पन्नास डबे. वळणावर इंजिन दिसलं तं दिसलं. ड्रायव्हर कोण, कधी कधी नावही माहीत नसे. हिरवी झेंडी दाखवाची अन् बाकावर बसाचं. भेव नव्हतं का लागत? लागे. पण म्हणून म्या कधी पुढं धावत जाऊन त्याच्या हातातलं हँडल नाई ओढलं.

केशरबाई : जेवणाचा डबा घरी विसरून जाणारा माणूस. हँडल काय ओढीन?

शमुवेल : हे मातर खरं.

शालू : आई, मी आता चिठ्ठी नाही काढत. देवाचं ऐकायचं नाही म्हणून नव्हे. भीती मलाही वाटते. आठ महिन्यांचं लेकरू, नवी खोली, नवी ड्यूटी. माझी आई अकोल्याहून येईल, पण तिचेही गुडघे दुखतात. खोटं कशाला बोलू, पहिली चिठ्ठी निघाली तेव्हा मला बरंच वाटलं होतं. म्हटलं सुटले, आता जायला नको.

केशरबाई : मंग?

शालू : मग बाबांच्या वरणात देव निघाला.

केशरबाई : त्यायले घास पाहून खाता येत नाई, म्हणून हे सारं.

शमुवेल : झालं. आता माहाच दोष.

केशरबाई : शालू, थ्या डाळीतल्या चिठ्ठ्या आण. साऱ्या. डबीत टाक.

शालू : आणल्या. पाला झटकून टाकल्या. आता एक काढू, तुमच्या समाधानासाठी?

केशरबाई : नको. काई ढवळू नको, काई काढू नको. रातच्या अकराची गाडी आहे ना? अकोल्याहून पातूरच्या एसटीत खिडकीपाशी नको बसजो. पोट्टीचे कान बांधजो. अन् रोज फोन. केक नको पाठवजो.

शालू : नाही पाठवत. द्या रिबूला.

(केशरबाई हलत नाही.)

शमुवेल : केशर, दे.

केशरबाई : देऊनच राहिली. हात सुटून नाई राहिले माहे.

शालू : जागी झाली तरी चालेल, आई.

केशरबाई : असं कर. मी डोळे मिटून प्रार्थना करते. थेवढ्यात तू उचल तिले. अन् माह्या आमेनसाठी थांबू नको.