तिसरा हात

शकीला : …म्हणून मीच चित्र घेऊन आले, चतुरामावशी. महेमूदभाई गेल्यावर हैद्राबादेत त्याच्या चित्रांचं मोठं पुस्तक निघून राह्यलंय. हे त्यानं लहानपणी इथंच, जालन्यात काढलेलं.

चतुराबाई : उजेडात धर जरा. ही तर सरदारबी. तुझी अम्मी.

शकीला : अम्मीच. पण हात बघ, तीन. दोन मांडीवर पडलेत, आन् तिसरा ओढणीतून निघून पोराला घास भरवून राह्यलाय. छापणारे म्हणतात, लेकराची चूक हाय, तिसरा खोडून टाकू. मी म्हणलं, थांबा. तवा मी अंबडला नानीकडं होते, मला काय ठाऊक. मावशीला विचारते.

चतुराबाई : मनगटावर हे ठिपके कसले?

शकीला : शाईचे डाग असतील.

चतुराबाई : न्हाई. गोंदण हाय, तुळशीचं. हे बघ, माझ्या हातावरचं.

शकीला : तुझा हात? अम्मीच्या ओढणीतून?

चतुराबाई : त्या साली तापाची साथ आल्ती. ताप उतरला, पर तिचे दोन्ही हात लुळे पडले. महेमूद दुसऱ्या कुणाच्या हातचं खाईना. मंग तिनंच तोड काढली. मी तिच्या पाठीला चिकटून बसायचे, दोघींवर एकच ओढणी. हात माझा, बोलायची ती. ‘खा बेटा, अम्मी भरवते.’

शकीला : त्याला कळलं न्हाई?

चतुराबाई : आम्हाला वाटायचं, बराबर फसवलं. मागून दोघी हसायचो. मला त्याचं तोंडबी दिसायचं न्हाई. बोटांला दात लागले की समजायचं, खाल्लं.

शकीला : मावशी, हात त्यानं तुळशीसकट काढलाय.

(चतुराबाई चित्रावरून हळूच बोट फिरवते.)

चतुराबाई : म्हंजी पोराला समदं ठावं होतं.

शकीला : अम्मीला कधी बोलला न्हाई?

चतुराबाई : कधीच न्हाई. आपण भरवतोय, येवढंच तर सुख राह्यलं होतं तिला.

शकीला : मी कळवते त्यांना. जसं हाय तसंच छापा म्हणते.

चतुराबाई : सरदारबी वारली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दूधभाकर कुस्करून नेली. लई भ्या वाटत होतं, आता हे लेकरू काय खातंय. ओढणी न्हाई, काही न्हाई, समोर जाऊन बसले. त्यानं गुमान तोंड उघडलं.

शकीला : मंग?

चतुराबाई : इतकी सालं मी समजत होते, भुकेनं उघडलं.