गाठिया नव्हे, गाठ!

हॅलो? वसुताई? मोहना बोलतेय… अहो, मोहना! तुमच्या सलीलची बायको… कोमल नव्हे हो! आधी तो टीव्ही बारीक करा.

हां. ऐका. दवाखान्यातून फोन आला. सलीलसाठी किडनी मिळालीय… हो, हो, खरंच!… अहो रडू नका, पुढचं ऐका. ज्यांची आहे ना, ते गेले बिचारे. घरच्यांनी देऊ केलीय. त्यांच्या डोक्यात गाठ होती… गाठिया नाही हो! गाठिया खाऊन कोण मरतं बडोद्यात? गाठ! मेंदूत! कॅन्सरची.

…अहो, ओरडू नका!

नाही, मी चांगली शुद्धीवर आहे. डॉक्टर म्हणाले, मेंदूतला कॅन्सर सहसा डोक्याबाहेर जात नाही… क्वचित जातो. हो, क्वचित म्हणाले. कधीच नाही, असं नाही म्हणाले. मी खोटं कशाला बोलू? पण वाट बघत बसण्यात धोका जास्त, हेही स्वच्छ सांगितलं.

अहो, किडनीनं विचार करतात का? सलीलचं डोकं कसं फिरेल?… ते आधीपासूनच तसं आहे, त्याला मी काय करू!

दुसरी बघू? ताई, ही काय स्थळं आहेत नकार द्यायला? माहितीय, मलाही दोनदा नाकारलं होतंत… नाकात बोलते म्हणून. असू दे आता ते.

तुमचीच घेतली असती हो… पण तुमच्या शुगरमुळे डॉक्टर नको म्हणाले ना? मग? शांती राखा, ऐका ना. त्याला हवीय ही. डायलिसिसहून आला की भिंतीकडे तोंड करून पडतो. पण "ताईनं हो म्हटलं तरच," म्हणून हटून बसलाय. पन्नाशीचा घोडा! आत्ता कळवलं नाही तर दुसऱ्याला देतील.

मी? मला विचारताय?… मला भीती वाटते, ताई. पण मला हा माणूस हवाय. भांडायला हवाय, बरोबर म्हातारं व्हायला हवाय. म्हणून म्हणते, हो म्हणा.

काय?… आवाज तुटतोय. तुमच्या घडियाळी पोळातल्या त्या अरुंद गल्लीत धड ऐकू येईल तर शपथ! खिडकीपाशी या… हां, बोला. हो की नाही?… ताई? हॅलो? हॅलो?

गेला फोन.

…सलील! ए सलील! ऊठ, चपला घाल. ताई हो म्हणाल्या!… अरे हो, अगदी स्पष्ट म्हणाल्या. परत कशाला लावतोस? दे तो फोन इकडे, मला दवाखान्यात कळवायचंय.