कुंकू लागलेला सेन्सर

तुम्ही हसून राहिले, पण त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं. बाबांच्या हृदयाचा व्हॉल्व्ह बदलायचा होता, दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला निघायचं होतं, अन् गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागलेला.

मेकॅनिक सलीम भैयानं मशीन लावून कोड वाचला. इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर गेला होता. मी नवीन आणून घरी ठेवला, दुपारी भैयानं येऊन बसवला. अर्ध्या तासात दिवा पुन्हा लागला, कोडही तोच.

"पीस ही खराब होगा," भैया म्हणाला.

दुकानदारानं बदलून दिला, तोही मी घरी आणून ठेवला. संध्याकाळी तो बसवला, तर पुन्हा तेच! भैयानं सेन्सर काढून उजेडात धरला.

"अरे, ये अंदर लाल-लाल क्या है?" त्यानं विचारलं.

मी आईकडे पाहिलं.

"काहून पाहून राहिला असा? नवीन वस्तू तशीच बसवतात काय? दोन्ही वेळा हळदकुंकू लावलं मी!"

सेन्सरमधली हवा मोजणारी तार केसाहून बारीक. तिला कुंकवाचा कणही चालत नाही. तिसरा सेन्सर मी दुकानातून थेट भैयाच्या हातात दिला, तेव्हा कुठं दिवा विझला.

सकाळी निघताना आई ताट घेऊन बोनेटपाशी उभीच.

"आई, माझ्या कपाळाला लाव, पण बोनेट उघडू नको."

मागच्या सीटवर बाबा बसले होते. ते हळूच म्हणाले, "पोहोचल्याबरोबर डॉक्टरला सांग. माझा नवीन व्हॉल्व्ह हिच्या हातात नका देऊ म्हणावं."